सोयाबीनची ओल कोणी ठरवायची? पणन कायद्यात प्रतवारीचे नियम नव्याने लिहा

औसेकर (धागा सुरू करणारा)
राज्याचा पणन (शेतमाल खरेदी-विक्रीचा) कायदा 1963 चा, त्याचे नियम 1967 चे. काटा, तोलाई, आडत (अडत्याचं कमिशन), हमाली यांवर इतक्या वर्षांत पुष्कळ भांडून झालं. मालाच्या प्रतीचं मात्र आजही मोंढ्यात (बाजार समितीच्या बाजारात) खरेदीदार म्हणेल तेच खरं. केंद्राचा प्रतवारीचा कायदा 1937 चा आहे, पण त्यातला अ‍ॅगमार्क हा दर्जाचा शिक्का बहुतेक मालाला ऐच्छिक. सौद्यात त्याचा आम्हाला उपयोग नाही.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओल आणि 2 टक्के काडीकचरा चालतो. बाहेर भाव निघतो तो 10 टक्के ओल धरून. म्हणजे सरकारी केंद्रावर पास होणारा माल मोंढ्यात ओला ठरतो! हिशोब करून बघा. 12 टक्के ओलीच्या क्विंटलात कोरडा माल 88 किलो. तो 10 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं 97.78 किलो. म्हणजे सव्वादोन किलो घट. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने क्विंटलमागे 118 रुपये. आणि वजन कापताना हा हिशोब कोणी मांडत नाही, तोंडी आकडा सांगतात.

माझी मागणी साधी आहे. ओलीचा पाया एकच असावा, घटीचा तक्ता (किती ओलीला किती वजन कापायचं) नियमांत छापावा आणि ओल मोजणाऱ्या मशीनचा आकडा हिशोबपट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) लिहिणं सक्तीचं करावं.

आडत दुकान, लातूर
दादा, गणित बरोबर आहे, पण अर्धंच आहे. ओली सोयाबीन गोदामात गरम होते, बुरशी धरते. पाणी उडालं की वजन तर जातंच, शिवाय दाणा काळा पडला की तेलाचा प्लांटवाला अख्खी गाडी परत पाठवतो. ती जोखीम तुमच्या तक्त्यात कुठे आहे? नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ओलीची मर्यादा 15 टक्के केली, तेव्हा त्याचा तोटा राज्य सरकारांनी सोसायचा असं ठरलं. आमचा कोण सोसणार? आम्हाला पुढे 10 टक्क्यांनीच माल द्यावा लागतो. कायद्याने 12 लिहिलं तर तेवढा भाव कमी निघेल, दुसरं काही होणार नाही.

वऱ्हाडी
आडतवाल्यांशी सहमत. 2018 आठवा. हमीभावापेक्षा कमी भावाने खरेदी केली तर तुरुंगवास आणि 50 हजार दंड, असा निर्णय सरकारने घेतला. व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी सौदे बंद ठेवले. मूग-उडीद घरात पडून राहिला, हाल कोणाचे झाले? शेवटी तो नियम ठरलेल्या प्रतीच्या मालापुरताच, असा खुलासा करावा लागला. मग प्रत ठरवणार कोण? पुन्हा तोच प्रश्न. कायदे वाढवण्यापेक्षा खरेदीदार वाढवा.

औसेकर
भाऊ, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. प्रत कोण मोजणार हे न ठरवता शिक्षा लिहिली म्हणून तो निर्णय फसला. मी शिक्षा मागतच नाही, मोजणी मागतोय.

आणि आडतवाले दादा, 10 चा भाव काढा, खुशाल काढा, पण तसं लिहून काढा. 14 टक्क्यांचा माल 12 वर आणायला घट येते 2.27 किलो. तिथे चार-पाच किलो कापले तर वरचे किलो कशाचे, हे पट्टीवर दिसायला हवं. जोखमीचे घेत असाल तर जोखमीचे म्हणून लिहा. मग मी दुसऱ्या दुकानाशी तुलना तरी करू शकेन. आज तीच सोय नाही.

गटाची ताई, धाराशिव
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदी मीच बघते, म्हणून दोन्हीकडून बोलते. तक्त्याच्या आधी मशीन आणि नमुना. वरच्या पोत्यातला नमुना घेतला तर एक आकडा, ढिगाच्या मधला घेतला तर दुसरा. उन्हात तापलेला दाणा लगेच मशीनमध्ये टाकला तरी फरक पडतो. काटा तपासून त्यावर शिक्का मारतात, तसा मॉइश्चर मशीनवर मी तरी आमच्या भागात पाहिला नाही. माझ्या मते नियम बदलायचे तर तीन गोष्टी आधी: नमुना ढिगाच्या तीन-चार ठिकाणचा, मशीन बाजार समितीचं, आणि आकडा पटला नाही तर सौद्याआधी दुसरी तपासणी. ई-नाम या केंद्राच्या ऑनलाइन बाजारात तपासणी प्रयोगशाळेची कल्पना 2016 पासून आहेच. पण हंगामात रांग लागली की माल न तपासताच पुढे जातो, तिथे माणसं हवीत.

आडत दुकान, लातूर
ताईंचं मशीनचं म्हणणं मला मान्य. समितीने मशीन ठेवावं, आकडा पट्टीवर लिहायलाही माझी हरकत नाही. घटीचा तक्ता मात्र सरकारने छापू नये. पावसात भिजलेला दाणा आणि नुसता लवकर काढलेला दाणा, दोन्हींची ओल मशीनवर सारखी येते. टिकण्यात दोघांत मोठा फरक आहे.

औसेकर
मग भिजलेल्या, डागी मालाचा रकाना वेगळा करा, ओलीच्या नावाखाली कापू नका. तेवढं झालं तर तक्त्यासाठी मी अडून बसणार नाही.