डीव्हीआर सारखा बीप करतोय, हार्ड डिस्क गेली की अडॅप्टर? (चोरीचं फुटेज अडकलंय)

गिरणीवाली_मिरज

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. आमची मिरजेत पिठाची गिरणी आहे, शेजारीच छोटं किराणा. ८ चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), त्यावर ६ कॅमेरे, आत १ टीबीची हार्ड डिस्क, बसवून पाच वर्षं होऊन गेली. गेले काही दिवस मधूनच बीप बीप सुरू होतं, स्क्रीनवर एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) एरर येतो, आणि मग आपोआप बंद पण होतं. लाइव्ह सगळं स्वच्छ दिसतंय. पण प्लेबॅकला गेलं की मधले मधले तास गायब, पट्टीवर नुसती भोकं. मेनू पण इतका स्लो झालाय की एक क्लिक करून चहा टाकून यावं. कान लावला तर आतून टिक्... टिक्... असा आवाज येतो, सारखा नाही, कधीकधी.

एरवी मी निवांत बघितलं असतं, पण परवा एका गिऱ्हाईकाची मोटरसायकल दारातून चोरीला गेली आणि पोलिसांनी फुटेज मागितलंय. त्या वेळचं थोडं दिसतं, मग अडकतं, मग डीव्हीआरच रीस्टार्ट होतो. कॅमेरेवाला येऊन बघून गेला, म्हणाला हार्ड डिस्क गेली, आता जुना डीव्हीआर कशाला वापरताय, अख्खा सेटच नवीन घ्या. सासरे म्हणतात त्याला विकायचंय म्हणून तो तसं सांगतो. खरं काय? आणि फुटेज कसं काढू? नुसती डिस्क बदलता येते का घरच्या घरी? मला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, त्यापुढचं सांगा.

कट्ट्यावरचा_बंड्या

ताई सोप्पंय, कुठल्यातरी जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढा आणि घाला आत, चालते. आणि ही खराबवाली विंडोज लॅपटॉपला लावा, फुटेज कॉपी करून घ्या, झालं काम.

पेचकस_कोल्हापूर

बंड्या, बाबा, दोन्ही सल्ले मागे घे. ताई, लॅपटॉपला अजिबात लावू नका, निदान आत्ता तरी. बहुतेक डीव्हीआर डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने लिहितात, विंडोजला ती डिस्क कोरी वाटते आणि ते लगेच विचारतं की इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का. घाईत कोणीतरी ओके दाबतं आणि मग आमच्याकडे फोन येतो.

आधी फुटेज, दुरुस्ती नंतर. तुमच्याकडे वेळ कमी आहे, कसं ते सांगतो. एका कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला येणारा डेटा, २ एमबीपीएस धरला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी होतात, सहा कॅमेऱ्यांचे झाले १३० जीबीच्या आसपास. म्हणजे १ टीबीत जेमतेम आठवडाभर मावतं आणि मग जुन्यावर नवीन लिहिलं जातं. तेव्हा आत्ताच्या आत्ता रेकॉर्डिंग बंद करा. मेनूत स्टोरेजमध्ये डिस्कची प्रॉपर्टी रीड-ओन्ली करता येत असेल तर ती करा, नसेल तर रेकॉर्ड शेड्यूलमधून सगळे चॅनल काढून टाका. लिहिणं थांबलं की डिस्कवरचा ताण पण कमी होतो.

मग पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून लावा आणि बॅकअपला जा. अख्खा तास एकदम मागू नका. पाच पाच मिनिटांचे तुकडे मागा, फक्त दारावरच्या कॅमेऱ्याचे. एखाद्या तुकड्यावर अडकला तर तो सोडून पुढचा घ्या, वाईट सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले बारीक कप्पे, तिथेच असतात, सगळीकडे नसतात. चोरीच्या मिनिटापासून सुरुवात करा, आजूबाजूचं नंतर.

पण त्याच्याही आधी एक विचारतो. बीप नेमकं कधी वाजतं? म्हणजे गिरणी चालू करताना वगैरे? डीव्हीआरचा प्लग कुठे आहे?

गिरणीवाली_मिरज

अय्या, तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं! सकाळी गिरणीची मोटर सुरू केली की हमखास वाजतं. दुपारी दळण थांबवून परत चालू केलं की परत. मला वाटायचं आवाजाने हलतं की काय. प्लग त्याच बोर्डावर आहे, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय पण तिथेच, पण तो वेगळा मोठा डबा आहे.

पेचकस_कोल्हापूर

हेच वाटत होतं. कॅमेऱ्यांना वेगळा सप्लाय आहे म्हणून लाइव्ह नीट दिसतंय. डीव्हीआर आणि हार्ड डिस्क मिळून जगतात त्या एका काळ्या अडॅप्टरवर, बहुतेक १२ व्होल्ट २ अँपिअरचा असेल, खाली लिहिलेलं असतं बघा. ३.५ इंची डिस्क फिरायला लागते तेव्हा एकटीच १२ व्होल्टच्या लाइनवर दीड-दोन अँपिअरपर्यंत खेचते. नवा अडॅप्टर ते सोसतो. शिवाय तो १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो, त्यामुळे मोटर सुरू होताना लाइट जरा दबली तरी त्याला काही होत नाही. पण पाच वर्षं उन्हाळ्यात, पिठाच्या धुळीत, भिंतीला टांगून चोवीस तास तापला की आतले कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात. मग लाइट जरा दबली की बाहेर १२ च्या जागी दहा-साडेदहा व्होल्ट येतात. डिस्कला १२ व्होल्ट हे दहा टक्के कमीजास्त चालतात, म्हणजे १०.८ च्या खाली गेलं की ती दमते, हेड पार्क करते, परत फिरायचा प्रयत्न करते. टिक् टिक् त्यातलंच असू शकतं. डीव्हीआरला डिस्क दिसेनाशी होते आणि तो बोंबलतो एचडीडी एरर.

नुसतं मल्टिमीटर लावून बघू नका, रिकाम्या अडॅप्टरला १२ च दाखवतो तो लबाड. डीव्हीआर जोडलेला असताना, गिरणी चालू करताना बघायला लागतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे सरळ १२ व्होल्टचाच, चांगल्या कंपनीचा, ३ किंवा ४ अँपिअरचा अडॅप्टर आणा. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत, आणि पिनचा आकार जुना दाखवूनच घ्या. फुटेज काढायच्या आधीच बदला, आणि तेवढा वेळ गिरणी बंद ठेवा.

वऱ्हाडी_पान्हा

पेचकस भाऊ बरोबर बोलून राहिले, पण अडॅप्टर बदलला म्हणजे डिस्क सुटली असं समजू नका. ताई, डीव्हीआरच्या मेनूत स्टोरेज नाहीतर मेंटेनन्समध्ये एचडीडी डिटेक्ट किंवा एस.एम.ए.आर.टी. (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) असं काहीतरी असते, ते उघडून आकडे सांगा. सगळे नको. ०५ म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर, सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, सी७ म्हणजे सीआरसी एरर (केबलमधून डेटा येता-जाता होणाऱ्या चुका), आणि ०९ म्हणजे किती तास चालली. टेम्परेचर दिसलं तर ते पण. सी७ एकटाच वाढत असला तर डिस्कला दोष देऊ नका, तिची साटा केबल बदला, दहापैकी कितीतरी लोकं केबलपायी डिस्क फेकतात.

नोटीसवाला

फुटेजबद्दल एक, कारण हे लोकं विसरतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या ६५बी ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग आहेत, एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते. त्यामुळे डीव्हीआरमधून जी फाइल निघेल ती तशीच ठेवा, व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, तिकडे व्हिडिओ दाबून लहान होतो आणि हॅश बदलते. एडिट, कट काही नाही. आणि मोबाइलची वेळ आणि डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढून ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ पाच-सात मिनिटं मागेपुढे असतं आणि पुढे त्यावरूनच वाद घालतात. जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, पोलीस मूळ डिस्क पण मागू शकतात, दिलीत तर पंचनाम्यात सिरीयल नंबर लिहून घ्या.

गिरणीवाली_मिरज

मंडळी, फुटेज निघालं!! काल गिरणी बंद ठेवली (सासऱ्यांचं तोंड बघायला हवं होतं), १२ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर आणला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि पाच पाच मिनिटं काढत गेले. मधला एक तुकडा काही केल्या आला नाही, पण माणूस गाडी ढकलत नेताना दिसतो तो तुकडा आला. वेळेचा फोटो पण काढला, पाहिलं तर डीव्हीआर चार मिनिटं पुढे. पोलिसांना फाइल तशीच दिली.

आता आकडे. ०५ ला ९६, सी५ ला ३१२, सी७ ला शून्य, ०९ ला ४१ हजार काहीतरी, टेम्परेचर ५४. नवीन अडॅप्टरवर गिरणी चालू केली तर बीप नाही, टिक् टिक् पण नाही, रीस्टार्ट पण नाही. मग डिस्क ठेवू का? सासरे म्हणतात बघा, अडॅप्टरच होता.

वऱ्हाडी_पान्हा

सासरे अर्धे बरोबर. ४१ हजार तास म्हणजे जवळपास पावणेपाच वर्षं न थांबता फिरली बिचारी, वर्षाचे ८७६० तास धरा. सी७ शून्य म्हणजे केबल ठीक. सी५ चे ३१२ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, त्यातले काही लिहिता लिहिता पॉवर गेल्याने पण होतात, नव्याने लिहिलं की सुधरतात. पण ०५ चे ९६ हे डिस्कने स्वतः कायमचे बाद केलेले, ते कमी होत नाहीत. आणि ५४ डिग्री जास्तच आहे. गल्ल्यावर, पंख्यासमोरच्या कॅमेऱ्यापुरती एखादवेळी ठेवली असती. चोरी झालेल्या जागी नाही. बदला.

डीव्हीआर मात्र बदलू नका, त्याला काही झालं नाही.

जो तुकडा निघाला नाही तो पोलिसांना हवाच असला तर डिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढता येतो. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते आधी चांगला भाग उचलते, खराब भागाला शेवटी हात लावते, कुठपर्यंत आलं त्याची नोंद ठेवते. तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर क्लोन घेऊन तो डीव्हीआरला लावला तर बहुतेक वेळा जुनं रेकॉर्डिंग दिसते. पण हे एखाद्या जाणत्याकडून करून घ्या. आणि टिक् टिक् परत सुरू झाली असली तर क्लोनच्या भानगडीत पडू नका, दर चालू करण्यागणिक बिघडत जाते ती.

कट्ट्यावरचा_बंड्या

बरं मग कॉम्प्युटरवाली का नको? माझ्या मामाच्या दुकानात दोन वर्षं चालू आहे की.

पेचकस_कोल्हापूर

चालते रे, कोण नाही म्हणतंय. ताईंच्या सहा कॅमेऱ्यांचा हिशोब बघ, दिवसाला १३० जीबी, वर्षाला ४७ टीबी लिहिलं जातं. साध्या डेस्कटॉप डिस्कला कंपनीच साधारण ५५ टीबी वर्षाला झेपतं असं सांगते, तेही दिवसातले काही तास चालेल असं धरून. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक, या चोवीस तासांसाठी बनवलेल्या, १८० टीबीच्या आसपास. शिवाय साधी डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तिथेच घासत बसते, तोवर मागून सहा कॅमेऱ्यांचं व्हिडिओ येतच असतं, ते सांडतं. हीच ती पट्टीवरची भोकं. मामाच्या दुकानात दोन वर्षांत प्लेबॅक कोणी उघडून पाहिलंय का विचार एकदा.

ताई, तुम्ही २ टीबी घ्या, पंधरा दिवसांचं राहील. त्याहून मोठी घ्यायची तर आधी मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त किती चालते ते बघा, जुने काही डीव्हीआर २ टीबीच्या वर ओळखत नाहीत. कॅमेरे आणि डीव्हीआर एच.२६५ वाले (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) असतील तर सेटिंगमध्ये ते निवडा, दिवस बरेच वाढतात. ऑनलाइन फार स्वस्त दिसली तर जपून, जुन्या काढलेल्या डिस्क नव्या म्हणून विकतात. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा, आणि लावल्यावर ०९ चा आकडा बघा, नव्या डिस्कला हजारो तास कसे असतील?

बसवणं पंधरा-वीस मिनिटांचं काम. मेनूतून शटडाउन, मग प्लग काढा, झाकणाचे स्क्रू, आतला फोटो काढून घ्या. डिस्कला दोन वायरी असतात, रुंद कनेक्टर पॉवरचा, अरुंद साटाचा, दोन्ही इंग्रजी एल आकाराच्या, उलट्या बसतच नाहीत, जोर करू नका. खालून चार स्क्रू काढले की डिस्क हातात. झाकण उघडलंच आहे तर पीठ मऊ ब्रशने झाडून घ्या, फुंकर मारू नका, आत जातं. एक गोल सेल दिसेल, सीआर२०३२, तो पण बदला, चार मिनिटांचा फरक कदाचित त्याचा नसेल पण पाच वर्षांत सेल संपत आलेला असतो, आणि तो गेला की लाइट गेल्यावर तारीख २००० सालात जाते आणि रेकॉर्डिंग असून सापडत नाही. पासवर्ड, सेटिंग बोर्डावर असतात, डिस्क बदलून जात नाहीत.

चालू केल्यावर स्टोरेजमध्ये डिस्क दिसेल, तिथूनच फॉरमॅट. ओव्हरराइट (जुन्यावर नवीन लिहिणं) चालू आहे ना बघा, नाहीतर पंधरा दिवसांनी भरून गप्प बसेल. आणि तुम्ही शेड्यूल काढून टाकलं होतं ते परत टाका, हे विसरायला होतं! दुसऱ्या दिवशी सहाही कॅमेऱ्यांचं प्लेबॅक एकेक उघडून बघा.

गिरणीवाली_मिरज

बसवली. २ टीबी सीसीटीव्हीवाली, ०९ ला शून्य. आत इतकं पीठ होतं की एक भाकरी झाली असती. डीव्हीआर आता गिरणीतून काढून किराण्याच्या माळ्यावर ठेवलाय, टेम्परेचर ४१ दाखवतो. जुनी डिस्क कागदात गुंडाळून सिरीयल नंबर लिहून कपाटात. एकच राहिलं, तो बीप कायमचा बंद करता येतो का, सासरे दचकतात.

पेचकस_कोल्हापूर

येतो, एक्सेप्शन किंवा अलार्म मेनूत एचडीडी एररसमोर बझर असतो. पण बंद करू नका. त्याच पानावर मोबाइलला नोटिफिकेशन पाठवायचा पर्याय असेल तर तो पण चालू करा, आणि माळ्यावर एक छोटा यूपीएस ठेवा, लाइट गेली की डिस्क झटक्याने बंद व्हायला नको.