लग्नपत्रिकेवरचा गणपती कुणी काढला?

शहापूरची लेक
रविवारी आमच्याकडे मराठी छपाईतल्या चित्रकारांवर व्याख्यान झालं. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, सगळ्यांची नावं आली. शेवटी मी विचारलं, यात बायका कुठं आहेत? वक्ते म्हणाले, "त्या काळी या धंद्यात बायका नव्हत्याच." तेव्हापासून चैन नाही मला. कारण अशाच एका बाईशेजारी शाईची दौत धरून मी लहानपण काढलंय.

माझी काकू. बेळगावच्या शहापुरात काकांचं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. लग्नसराईत पत्रिकेवरचा गणपती, कलश, तोरणाची बॉर्डर काकू काढायची. रात्रीची भांडी आवरली की पाटावर कागद ठेवून बसायची. सकाळी काका तो कागद ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला धाडायचे. खानापूर, नंदगड, चंदगडापर्यंत त्या पत्रिका गेल्या. खाली नाव प्रेसचं. काकूचं एकदाही नाही.

निपाणीकर
ताई, काकूंबद्दल आदरच आहे. पण तुमच्या प्रेसमधल्या जुळाऱ्याचं नाव तरी कुठं छापलं होतं? छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं काळी झाली असतील. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर कुणाच्या लक्षात आहेत? राबणाऱ्याला नाव नसतं, मग तो बाप्या असो की बाई.

शहापूरची लेक
जुळाऱ्याला दर शनिवारी पगार मिळायचा की हो! काकूचं "घरचंच काम" होतं. हिशेबाच्या वहीतसुद्धा ती नाही. मग इतिहासात कुठून येणार?

अक्षरवेडा
पगार मिळाला तरी काय होतं बघा. नायके या बूट बनवणाऱ्या कंपनीची ती बाकदार खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं काढली. मिळाले ३५ डॉलर.

निपाणीकर
पुढचंही सांगा की. १९८३ मध्ये कंपनीनं तिला हिऱ्याची अंगठी आणि शेअर दिले. आज तिचं नाव सगळे घेतात. हिला उपेक्षित कसं म्हणायचं?

अक्षरवेडा
बारा वर्षांनी दिले! आणि बाईचं नाव नसलं की तिची नजरही हरवते. ब्रिटनमधल्या शाळेच्या रस्त्यावरच्या जुन्या खुणेत मुलगा मुलीला हात धरून नेत होता. मार्गारेट कॅल्व्हर्टनं ती नव्यानं काढली, तेव्हा मुलगी पुढं झाली आणि धाकटा पोरगा तिच्या हाताला. हे बाईलाच सुचलं.

खानापूरची वैनी
माझ्या सासूबाई धारवाडच्या. इरकल साडीवर कसुती, म्हणजे तिकडचं भरतकाम, भरायच्या. आधी काही आखायच्या नाहीत, कापडाचे धागे मोजत जायच्या. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी, हे चार टाके. सुझान केअरनं ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरच्या पडद्यावरची १९८४ ची चिन्हं ३२ गुणिले ३२ चौकटी भरून काढली, आणि ती स्वतःच सांगते की हे काम मोझाइकसारखं, भरतकामासारखं आहे. मग आमच्या सासूबाईंना डिझायनर का म्हणायचं नाही?

ड्रॉइंग मास्तर
वैनी, मला हे पटत नाही. ग्राफिक डिझाइन म्हणजे गिऱ्हाइकासाठी केलेलं, छापून हजारो हातांत जाणारं काम. ताईंच्या काकू त्यात नक्की बसतात, त्यांच्यासाठी मी भांडेन. कसुती थोर आहेच, पण ती वेगळी कला. दोन्ही एकत्र कालवलं की पुन्हा तेच होतं: पुरुष तेवढा कलाकार आणि बाई म्हणजे "परंपरा". आज माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात आणि नाव त्यांचंच असतं. हवं ते हे.

खानापूरची वैनी
परंपरा कशाला, मास्तर? सासूबाईंनी पदरावर गोपुराशेजारी लोंड्याची रेल्वेगाडी भरली होती, इंजिनासकट. ती कुणी शिकवली नव्हती त्यांना.

ड्रॉइंग मास्तर
गाडी मला बघायची आहे. व्याख्येचा मुद्दा मात्र सोडत नाही.

निपाणीकर
ताई, वहीची गोष्ट रात्रभर डोक्यात होती. ते मान्य. आमच्या थोरल्या भावाच्या लग्नाची पत्रिका ट्रंकेत सापडली. शहापुरात छापलेली, १९७६ ची. कडेनं पोपट आहेत. तुमच्या काकूंचे असतील का?

शहापूरची लेक
फोटो पाठवा, दादा. पोपटाच्या चोचीत आंब्याचं पान उलटं धरलेलं आहे का बघा. काकू ते नेहमी देठाकडून काढायची. आणि आमच्या जुळाऱ्याचं नाव मला खरंच आठवत नाही. चुलतभावाला आजच विचारते.