आईला आता दवाखान्यात जायचंच नाही, ऑनलाइन डॉक्टर सुचवा (महिना ५०० पर्यंत)

कोयनाकाठ: आई ६४ वर्षांची, पाटण तालुक्यात एकटी असते. नऊ वर्षं शुगर आणि बीपी. मी ठाण्यात. करोनात व्हिडिओवर डॉक्टर लावून दिले, तेव्हापासून कराडचं नाव काढत नाही. म्हणते, "फोनवर सगळं होतंय की, एसटीत अंग आंबवून कशाला जायचं?" दोन वर्षांत तिला कुणी हात लावून तपासलेलं नाही. सल्ल्यासाठी ५०० रुपये, गोळ्या वेगळ्या. कुठली सेवा घेऊ?

सुखी_माणूस: आम्ही १२,००० चं वर्षाचं पॅकेज घेतलंय. रात्री अकरालाही डॉक्टर बोलतात. बाबा दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत. तब्येतीपुढे पैसे बघू नका.

सह्याद्री७: ई-संजीवनी. सरकारी आहे, फुकट आहे, एप्रिल २०२० पासून घरबसल्या ओपीडी चालते. कधी रांगेत थांबावं लागतं.

मीरजकरीण: माझ्या वडिलांचं सांगते. स्क्रीनवर चेहरा दिसतो, तळपाय नाही. शुगरमुळे पाय बधिर, अंगठ्याखाली खडा रुतला तो त्यांना कळलाच नाही. आम्ही आकडे वाचायचो, डॉक्टर गोळी वाढवायचे. त्यांनी पाय विचारला नाही, आम्ही दाखवला नाही. अंगठा काढावा लागला. पाय रोज बघा हो.

नाना_पुणे: ऑनलाइनवाले झोपेची गोळी लिहून देत नाहीत. मग उपयोग काय?

सह्याद्री७: नाना, तो नियम आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अल्प्राझोलमसारखी औषधं फोनवर देताच येत नाहीत.

नाना_पुणे: वीस वर्षं घेतोय मी ती गोळी!

उपकेंद्रातली_ताई: विषय आईंचा आहे. गावाजवळ आयुष्मान आरोग्य मंदिर (सरकारी आरोग्य केंद्र) असेल तर तिथे न्या. आम्ही बीपी, शुगर बघतो आणि शेजारी बसून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं करून देतो. पण डोळ्याचा पडदा, पायाची संवेदना, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं. तीन महिन्यांची सरासरी शुगरही. आणि छातीत दुखलं तर फोनवर डॉक्टर शोधत बसू नका, १०८.

डोंबिवलीकर: ई-संजीवनी बघा, फुकट आहे. आणि आईंना दवाखाना का नको ते एकदा विचारा. आमच्या आत्याला तपासण्यांच्या खर्चाची धास्ती होती.

कोयनाकाठ: विचारलं. कराडला नंबर लागायला तीन तास. मध्ये लघवीला गेलं तर नंबर जातो, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती. एवढी वर्षं बोलली नाही.
सगळ्यांचे आभार, पण व्हिडिओचे डॉक्टर तेच ठेवतोय. ३०० घेतात आणि आई त्यांच्याशी मोकळं बोलते. वर्षाच्या तपासण्यांना मी सोबत बसेन, नंबर मी धरेन. शनिवारी जायचं ठरवलं होतं. पण मीरजकरीणताईंचं वाचून शेजारच्या पोरीला तळपायाचा फोटो काढायला लावला. डाव्या करंगळीखाली भेग आहे, कडा काळी पडलीय. आई म्हणते, दुखत नाही. आज रात्रीच निघतोय.