मैना आणि मुंबईची लावणी

लोकशाहीर अण्णाभाऊ साठ्यांचं सगळ्यात आवडतं गाणं कोणतं, यावर बहुतेकांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कडच (लावणीचाच एक प्रकार) पहिल्या नंबरावर ठेवलीय आणि ते बरोबरच आहे, पण तिला नुसतं विरहगीत म्हणू नका राव. सुरुवातीला बायको गावाकडं सोडून मुंबईला आलेल्या गड्याची तगमग येते आणि मग बघता बघता ती मैना म्हणजे तुटलेला महाराष्ट्र होते, बेळगाव कारवारसकट. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांमध्ये लोक येडे का व्हायचे ते तिथे कळतं.

आमचे आजोबा लालबागला मिलमध्ये होते आणि आजी साताऱ्याकडे गावी, त्यामुळे आमच्या घरात हे गाणं लागलं की आजोबा गप्प आणि आजी म्हणणार, "मैना राहिली म्हणं, शेणघाण कोण काढत होतं ते लिवलंय का कुठं?" पॉइंट आहे म्हातारीचा.

पण माझं खरं आवडतं म्हणजे अण्णाभाऊंचीच 'मुंबईची लावणी'. मलबार हिल आणि परळ एकाच गाण्यात समोरासमोर उभे केलेत, आणि हे लिहिणारा वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिलेला, शाळा जवळपास नाहीच. आता परळला मिलच्या जागी टॉवर आलेत तरी मला ते गाणं जुनं वाटत नाही, उलट लोअर परळच्या ब्रिजवरून सकाळी ऑफिसला जाताना गर्दीत हमखास तेच डोक्यात वाजतं.

बाकी मैना ऐकायची तर शाहीर विठ्ठल उमपांच्याच आवाजात, रिमिक्सवाल्यांनी माफ करावं.