बिडाच्या मॅनिफोल्डला टर्बोचा फ्लँज वेल्ड केला, वेल्ड शाबूत पण शेजारून चीर जातेय

बूस्ट_हवाय

नमस्कार मंडळी, पार अडलोय म्हणून विचारतोय. चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आहे, मूळचं बिनटर्बोचं, त्याला टर्बो बसवायचाय. ओरिजिनल एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलेंडरचा धूर एकत्र करणारा भाग) बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा आहे, चांगला जाडजूड, म्हणून ठरवलं की त्याचं खालचं तोंड कापायचं आणि तिथे टी२५ मापाचा फ्लँज (टर्बो बोल्टने बसवायची भोकांची जाड पट्टी) लावायचा. फ्लँज १२ मिमी एमएस (साधं स्टील) प्लेटमधून कापून घेतला, बसला पण एकदम फिट.

वेल्डिंग साध्या आर्कने केलं. रॉड स्टेनलेसचा ३०९, कारण दोन वेगळे धातू जोडायला हाच वापरतात असं डोक्यात होतं. एका दमात सगळा गोल रन मारला, दिसायला झकास. पण हेल्मेट वर केलं आणि दोन मिनिटं झाली नसतील तोच टिक्... टिक्... असा आवाज यायला लागला. गार झाल्यावर बघतो तर वेल्डच्या कडेला लागून, बिडाच्या बाजूला, केसाएवढी चीर, जवळजवळ अर्धा गोल. वेल्डला स्वतःला काही नाही! ग्राइंड करून परत भरलं तर चीर अजून थोडी पुढे सरकली आणि आता एक फाटा पोर्टकडे पण चाललाय.

रॉड चुकला का पद्धत चुकली? प्रीहीट (वेल्डच्या आधी तापवणं) करायचं तर किती? एकाने सांगितलं की ब्रेझिंग (बीड न वितळवता पितळ वितळवून जोडणं) करून टाक, पितळ लवचिक असतं, तडा जाणार नाही. हा मॅनिफोल्ड परत मिळणं कठीण आहे आणि माझ्याकडे दुसरा नाही, त्यामुळे आता विचारल्याशिवाय हात लावत नाही.

ठिणगी

भाऊ, आधी मटेरियल काय आहे ते बघ, बाकी सगळं नंतर. बीड बीड म्हणतो आपण पण त्यात दोन मुख्य प्रकार येतात. ग्रे मध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, म्हणजे आत आधीच हजार बारीक चिरा असल्यासारखंच. एसजी म्हणजे डक्टाइल, त्यात मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे गोल दाणे होतात, ते बरंच चिवट. नवीन गाड्यांचे मॅनिफोल्ड बऱ्याचदा एसजीचे असतात, त्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम जास्त घातलेलं असतं, उष्णता सोसावी म्हणून.

कापलेला तुकडा असेलच ना? त्यात ड्रिल मार, तेल न लावता. काळा चुरा पडला, बोटं काजळल्यासारखी झाली तर ग्रे. छोटे छोटे वळलेले तुकडे निघाले तर एसजी. ग्राइंडरच्या ठिणग्या पण बघ, बिडाच्या आखूड आणि लालसर असतात, स्टीलच्या लांब, पिवळ्या, टोकाला फुटणाऱ्या. ठिणगी लांब आणि पांढरट-पिवळी आली तर तुझा मॅनिफोल्ड बिडाचाच नाही, कास्ट स्टीलचा आहे, मग सगळी गोष्टच बदलते. ग्रे आणि एसजी मधला फरक मात्र ठिणगीवर ओळखायला जाऊ नको, तिथे ड्रिलचाच भरवसा.

तापलेली_वाळू

टिक् आवाज आला म्हणालास ना, तिथेच सगळं उत्तर आहे. बरीच वर्षं बिडाचंच काम करतोय, तो आवाज मी पण सुरुवातीला खूप ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, बिडात अडीच ते चार टक्के. तू आर्क मारलास की वेल्डच्या कडेचं बीड वितळतं, त्यातलं ग्रॅफाइट विरघळतं आणि बाकीचा मॅनिफोल्ड गार असल्यामुळे ती पट्टी क्षणात थंड होते. परत ग्रॅफाइट व्हायला तिला वेळच मिळत नाही, तिथे काचेसारखं कडक पांढरं बीड बनतं आणि त्याच्या पलीकडे मार्टेन्साइट, तेही तसंच कडक आणि ठिसूळ. म्हणजे वेल्ड आणि चांगलं बीड यांच्या मधोमध तू स्वतःच एक ठिसूळ पट्टी तयार केलीस. आता वरून वेल्ड आकसायला लागतो आणि ओढतो, बीड काही ताणलं जात नाही, मग ते त्या पट्टीतच फाटतं. म्हणून वेल्ड शाबूत आणि शेजारी चीर.

३०९ ने त्यात भर घातली. स्टेनलेस तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, बीड मीटरला दर अंशाला साधारण ११ मायक्रॉन, एमएस १२, स्टेनलेस १६-१७. म्हणजे गार होताना तेवढंच जास्त आकसतं पण. शिवाय बिडातला कार्बन त्यातल्या क्रोमियमला जाऊन मिळतो आणि तिथे अजून कडकपणा येतो. काही जण ३०९ ने टिगवर (टंगस्टनच्या आर्कचं वेल्डिंग) काम करतात आणि ते टिकतं पण, पण एका दमात गोल रन मारून नाही.

निकेलचा रॉड घे. निकेल कार्बनशी कार्बाइड करत नाही, थंड होताना कार्बन ग्रॅफाइट म्हणूनच बाहेर टाकतं, ग्रॅफाइटला जागा जास्त लागते म्हणून आकसणं पण थोडं कमी होतं, आणि जोड मऊ राहतो. ९९ म्हणजे जवळजवळ शुद्ध निकेल, नंतर मशीनिंग करायला सोपा. ५५ म्हणजे निकेल-लोखंड, हा जास्त ताकदीचा, एसजीला आणि बीड ते स्टील जोडायला हाच. तुझ्या कामाला ५५, आणि रॉड बारीक, २.५ मिमी, करंट पाकिटावर लिहिलेल्या रेंजच्या खालच्या टोकाला.

आता तुझा तुकडा. आधी तो सगळा ३०९ काढ, त्याच्यासोबत शेजारचं दोन-तीन मिमी बीड पण काढ कारण कडक पट्टी तिथे आहे, कानस तिथे घसरते आणि चांगल्या बिडावर कापते, हाताला लगेच कळतं. पोर्टकडे गेलेल्या फाट्याचं टोक डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) शोध, टोकाच्या किंचित पुढे ३ मिमीचं भोक मार आणि तिथपर्यंत व्ही आकाराची खाच कर. शेवटचा हात ग्राइंडरने नको, ग्राइंडरचं चाक ग्रॅफाइट सगळ्या पृष्ठभागावर सारवतं आणि मग वेल्ड धरत नाही, गोळे होऊन घरंगळतो. कार्बाइड बर (मशीनला लावायची फिरती कानस) किंवा हातकानस वापर.

मग मॅनिफोल्ड गॅसने सगळा तापव, धूर यायचा थांबेपर्यंत. वर्षानुवर्षांची काजळी आणि तेल त्याच्या छिद्रांत मुरलेलं असतं, ते जाळल्याशिवाय वेल्डला छिद्रं पडणारच.

त्यानंतर बटरिंग. म्हणजे फ्लँज लांब ठेवायचा आणि नुसत्या बिडाच्या कापलेल्या तोंडावर निकेलचा एक थर चढवायचा, पाव-पाव इंचाचे नाही पण २५ मिमीच्या पुढे एकही रन नाही, समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून. प्रत्येक रननंतर रॉड खाली ठेव आणि गोल तोंडाच्या हातोडीने लगेच हलके हलके ठोके दे, जोरात नाही, वेल्ड गरम असतानाच, म्हणजे तो आकसण्याऐवजी थोडा पसरतो. हा थर देताना बिडाला कोणी ओढत नसतं कारण फ्लँज मोकळा आहे. मग फ्लँज आणून निकेलला वेल्ड कर, त्या वेळची ओढ निकेल सोसतं, बीड नाही. हे एक पाऊल लोक गाळतात आणि माझ्या मते सगळं यश यातच आहे.

प्रीहीट: अख्खा मॅनिफोल्ड, फक्त जोडाची जागा नाही, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. पद्धत म्हणून २६० ते ६५० पर्यंत काहीही चालतं पण ७६० च्या वर कधीच जाऊ नको. जे तापमान धरशील ते शेवटच्या रनपर्यंत टिकव, टेम्परेचरचा खडू (ठराविक तापमानाला वितळणारा) मिळतो तो वापर. आणि संपल्यावर लगेच कोरड्या, आधी तापवून ठेवलेल्या वाळूत किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गाडून टाक, दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही.

निकेलचा धूर वाईट असतो, मास्क आणि मोकळी हवा हवीच, हे अगदी मनापासून सांगतो.

पाईपवाला

ब्रेझिंगचा विचार आत्ताच सोडून दे. ब्रेझिंगचं पितळ ९०० च्या आतबाहेर वितळतं, आणि लोडवर पेट्रोल टर्बोच्या आधीचा एक्झॉस्ट ८५०-९५० ला सहज जातो. वितळायच्या खूप आधीच त्याची ताकद संपलेली असते. पंपाच्या बॉडीला, गिअरबॉक्सच्या केसिंगला ब्रेझिंग उत्तम, इथे नाही.

माझं मत मात्र वेगळं आहे. मी असतो तर हा मॅनिफोल्ड बाजूला ठेवला असता आणि स्टीलच्या जाड पाईपच्या बेंडमधून नवा केला असता. दीड इंची शेड्यूल ४० (पाईपच्या जाडीचा दर्जा) ची भिंत साधारण ३.७ मिमी भरते, वेल्ड साध्या रॉडने होतो, तडा गेला तरी कधीही परत भरता येतो. बिडाचा एकदा वेल्ड केलेला मॅनिफोल्ड म्हणजे कायमची धास्ती.

तापलेली_वाळू

पाईपवाला, तुमचं म्हणणं खोटं नाही. नवीन करायला हात बसलेला असेल तर पाईपचाच करावा. पण बिडाचा मॅनिफोल्ड आवाज कमी करतो, जागा कमी खातो, आणि नीट केलेला जोड वर्षानुवर्षं टिकलेला मी बघितलाय. जे तुटलेले बघितले त्यातले बरेचसे वेल्डमुळे नाही, वजनामुळे तुटले.

कानसकाम

मला तेच लिहायचं होतं. टर्बो, डाउनपाईप (टर्बोतून बाहेर जाणारा पाईप) आणि पुढचा सगळा लोंबता भार जर त्या एका फ्लँजवर टांगला असेल तर कुठलाही रॉड वापरा, जाणारच. मॅनिफोल्ड लाल होतो तेव्हा त्याची ताकद कमी झालेली असते आणि इंजिनचा थरथराट चालूच असतो. टर्बोला खालून ब्रॅकेट द्या, आणि ते ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकवर घ्या, चॅसिसवर अजिबात नाही, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि चॅसिस हलत नाही, मग ती सगळी हालचाल तुमच्या वेल्डमध्ये जाते. ब्रॅकेटच्या भोकाला स्लॉट ठेवा म्हणजे मॅनिफोल्ड तापून लांबतो तेव्हा सरकायला जागा राहील. ३०० मिमी लांबीचं बीड ७०० अंशांनी तापलं तर दोन मिमीच्या वर वाढतं, हे स्वतः गणित करून बघा. डाउनपाईपमध्ये फ्लेक्स बेलो (लवचिक, घड्यांचा तुकडा) टाका.

आणि एक, हेडकडच्या फ्लँजची भोकं थोडी मोठी करा, याच कारणासाठी.

बूस्ट_हवाय

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

ड्रिल मारलं, छोटे वळलेले तुकडे निघाले, म्हणजे एसजी. हेडकडची बाजू वाकू नये म्हणून जुन्या हेडला बोल्ट करून वेल्ड करू का? आणि प्रीहीटशिवाय, गार ठेवून करायची पण पद्धत असते म्हणे, ती कशी?

तापलेली_वाळू

एसजी आहे ही चांगली बातमी. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर त्याला ३०० अंशाचा तुकडा बोल्ट करू नको, हेड खराब होईल. २० मिमी स्टीलची प्लेट घे, भोकं पाड, नट हाताने बसतील तेवढेच आवळ. पूर्ण आवळलेस तर आकसायला वाट राहत नाही आणि परत टिक् ऐकशील.

गार पद्धत म्हणजे तुकडा सतत हात ठेवता येईल इतकाच कोमट ठेवायचा, एक छोटा रन, ठोके, मग थांबायचं, हात लावून बघायचं, मग पुढचा. ती पण चालते. मधलं काही चालत नाही, म्हणजे सुरुवात गार आणि शेवट तापलेला असं झालं की ते सगळ्यात वाईट. पोर्टचे बारीक हात आणि मध्ये जाड गठ्ठा असा आकार असल्यामुळे मी तुला गरमच सांगेन.

आतून बर घालून प्रत्येक थेंब आणि स्लॅगची खपली काढ. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फिरतं, तांदळाएवढा स्लॅग सुटला तरी चाकाची पाती गेली.

बूस्ट_हवाय

झालं एकदाचं! बटरिंगचे अकरा छोटे रन, मग फ्लँजचे चौदा. शेवटचा रन संपल्यावर मॅनिफोल्ड वाळूत गाडला आणि शेजारी स्टूल टाकून बसलो, नुसतं ऐकत. एकदाही टिक् नाही. रात्री दोनदा उठून वाळूला हात लावून आलो, दुसऱ्यांदा पण कोमट होती.

सकाळी काढून, चीर राहिलीय का बघायला बाहेरून खडू फासला, आत रॉकेल भरलं. सगळीकडे कोरडं, फक्त एका बोल्टच्या भोकाजवळ मोहरीएवढा ओला डाग. तेवढं खरवडून परत भरणार. हेडकडच्या बाजूला पट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मधे ०.२० मिमी जातोय, ते सरफेस (सपाट) करून घेतो.

तापलेली_वाळू

ऐकून फार बरं वाटलं रे. थांब पण, डाग भरायच्या आधी रॉकेल जाळून काढ, ते पण छिद्रांत मुरलेलं असतं. मॅनिफोल्ड सगळा परत तापव, एवढ्याशा जागेसाठी पण, आणि परत वाळूत. सरफेसिंग त्यानंतरच, आधी केलंस तर दोनदा करावं लागेल. गाडीवर बसवल्यावर दोन-तीनदा पूर्ण तापवून, पूर्ण गार झाल्यावर नट परत आवळ.

कानसकाम

आणि ब्रॅकेट तयार होईपर्यंत टर्बो टांगून इंजिन चालू करू नका, पाच मिनिटांसाठी सुद्धा.

बूस्ट_हवाय

ब्लॉकवर दोन रिकामे टॅप सापडलेत टर्बोच्या बरोबर खाली, पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवलाय.