डबीर की सुमंत? आणि हे आडनाव इतकं विरळ का?

दौतटाक:
एका गडाखालच्या लहानशा संग्रहालयाचे फलक इंग्रजीतून मराठीत करायचं काम घेतलंय. आग्ऱ्याच्या फलकावर एक ओळ आहे: महाराज निसटल्यावर त्र्यंबक सोनदेव डबीर आणि रघुनाथ बल्लाळ कोरडे मोगलांच्या हाती सापडले. मी 'डबीर' तसंच ठेवलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी लाल शाईनं खोडून 'सुमंत' केलं आणि समासात लिहिलं, "फारसी नको. महाराजांनीच बदललेला शब्द आहे."

आता माझी पंचाईत अशी की प्रसंग १६६६ चा आणि राज्याभिषेक १६७४ चा. आठ वर्षं आधीच सुमंत कसं म्हणायचं?

दुसरी भानगड घरची. माझं आजोळ डबीरांचं. दाराला पितळी पाटी होती, ती इतकी घासली जायची की 'र'चा पाय झिजून गेला होता. नवा पोस्टमन हमखास 'कबीर' म्हणून हाक मारायचा. मामाला शाळेत "डबीर, डब्यात काय?" हे रोजचंच. मामा मात्र ताठ मानेनं सांगायचा, आपण राजाच्या खजिन्याच्या डबीचे राखणदार, म्हणून डबीर. मी तीस वर्षं हेच धरून बसले होते. परवा एका लग्नात पंगतीत शेजारच्या बाई म्हणाल्या, डबी-बिबी काही नाही, मुसलमानी शब्द आहे तो. आजोळच्या बाजूनं भांडायला मुद्दे हवेत. शिवाय फलकाचं काय करू तेही सांगा. शनिवारी छपाईला जायचंय.

खडकलेख:
मामांच्या डबीवर पाणी ओततोय, माफी असावी. शब्द फारसीच आहे, 'दबीर'. अर्थ लेखनिक. दिल्लीच्या सुलतानांकडे पत्रव्यवहाराचं खातं होतं, दीवान-ए-इन्शा. त्याचा मुख्य तो दबीर-ए-खास. परदरबारची पत्रं यानंच वाचायची, उत्तरंही यानंच घडवायची, त्यामुळे कुणाशी सलोखा आणि कुणाशी वाकडं हे राजाखालोखाल यालाच ठाऊक. महाराजांच्या डबीराकडे, म्हणजे पुढच्या सुमंताकडे, परराज्यांचा व्यवहार होता तो याच वाटेनं आलेला.

खरी गंमत याच्याही मागे आहे. दबीरच्या पोटात 'दिपि' आहे, म्हणजे लिखाण. अशोकाच्या लेखांत बाकी ठिकाणी 'लिपि' येतं, पण वायव्येकडच्या शाहबाझगढी आणि मानसेहरा इथल्या खरोष्ठी लिपीतल्या लेखांत 'दिपि' आहे. शाहबाझगढीला 'निपिस्त' असाही शब्द आहे, 'लिहिलं' या अर्थी. फडणीस, चिटणीस, सबनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', तो या निपिस्तचाच भाऊबंद. म्हणजे डबीर आणि चिटणीस या दोघांचे पूर्वज २२०० वर्षांपूर्वी एकाच खडकावर शेजारी बसलेले.

इराण्यांनी तरी 'दिपि' कुठून आणलं? एलामी लोकांकडून. त्यांनी अक्कदी 'तुप्पु'वरून, अक्कदींनी सुमेरी 'दुब'वरून. दुब म्हणजे लिहायची मातीची पाटी.

तरीपण:
म्हणजे आजोळच्या पाटीवर 'पाटी' असंच लिहिलेलं होतं! वर ती घासून घासून कोरी करत होते.

स्वभाषा:
खडकलेख नेहमीप्रमाणे अर्धीच गोष्ट सांगतात. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांचे ताम्रपट उघडून बघा. लेखकाचं नाव येतं 'सन्धिविग्रहाधिकृत दिविरपति स्कन्दभट'. काळ सातव्या शतकाचा. क्षेमेन्द्र कवीच्या काश्मिरातही 'दिविर' आहेतच. तेव्हा दिविर हा आपला शब्द, फारसीनं तो उचलला आणि आपण तो परत आणला. आणि संधिविग्रह, म्हणजे तह आणि युद्ध, सांभाळणारा तोच दिविरपती, म्हणजे अगदी आपला सुमंत! दौतटाकताई, सरळ 'सुमंत' लिहा आणि मोकळ्या व्हा. फलक वाचणाऱ्या पोरांना काय कळणार आहे 'डबीर'?

खडकलेख:
दिविरपती स्कन्दभटाचा दाखला फक्कड आहे, मी तो विसरलो होतो. पण गाडी उलट्या दिशेनं चाललीय तुमची. संस्कृतातलं दिविर हेच इराणीवरून घेतलेलं. संस्कृत धातूवरून त्याची फोड करून दाखवा, मी इथून नाव काढून घेतो. क्षेमेन्द्रानं या दिविरांना लाचखाऊ म्हणून इतकं झोडपलंय की 'आपला' म्हणायच्या आधी जरा विचार करा.

आणि मराठी डबीर काही या दिविरापासून आलेला नाही. तसं असतं तर 'दिवीर'सारखं काहीतरी झालं असतं. जुन्या फारसी बोलीत 'दिबीर' होतं, पुढे 'दबीर' झालं. आपण ते बहामनी आणि आदिलशाहीच्या कचेरीतून घेतलं.

तरीपण:
पण 'द'चा 'ड' का झाला, ते कुणी बोलत नाहीये. मला तर मामांची डबीच पटते.

खडकलेख:
फारसी 'दाग'चा आपण 'डाग' केला. 'दफ'चा 'डफ'. तसाच 'दबीर'चा 'डबीर'.

तरीपण:
मग 'दरवाजा'चा 'डरवाजा' का नाही? 'दुकान'चं 'डुकान'? 'दवाखाना'?

खडकलेख:
नियम म्हटलंच नाही मी. कल म्हटलं तर चालेल.

तरीपण:
'म्हटलंच नाही' आणि 'म्हटलं तर चालेल' एकाच दमात! चालू द्या.

भागानगरी:
हैदराबादेतून नमस्कार. आमच्याकडे दबीरपुरा आहे हो! जुन्या शहराच्या कोटाचे जे दोन दरवाजे अजून उभे आहेत त्यांतला एक पुरान्या पुलाचा आणि दुसरा दबीरपुऱ्याचा. लोकल गाडीचं स्टेशनही आहे त्या नावाचं. मी लहानपणी तिथून रोज जायचो आणि समजायचो की कुणी दबीर नावाचा पैलवान असेल. इथे 'द'च. 'डबीरपुरा' म्हटलं तर रिक्षावाला विचारेल, नवीन आलात का? आमच्या इथल्या मराठी घरांत मात्र आडनाव 'डबीर'च लावतात. म्हणजे त्याच गल्लीत मोहल्ला दबीर आणि घरवाले डबीर.

एडिसनकर:
पैलवानावरून आठवलं. दबीर नावाचा पैलवान खरोखरच आहे! अलीरझा दबीर, इराणचा, २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सुवर्णपदक. मला कसं माहीत? माझी बायको माहेरची डबीर आणि इथे न्यू जर्सीत तिनं माहेरचंच नाव ठेवलंय. तिच्या आधीच्या नोकरीत एक इराणी दबीर होता. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग तंतोतंत एक. त्याची ईमेलं हिला, हिची त्याला. एकदा त्याच्या आईनं पाठवलेला पिस्त्यांचा खोका आमच्याकडे आला आणि परत करेपर्यंत (खरं सांगतो) थोडा हलका झाला होता. त्याला वाटायचं हिचे पूर्वज इराणी, हिला वाटायचं त्याचे साताऱ्याकडचे. त्यानंच सांगितलं की इराणात आजही दबीर म्हणजे माध्यमिक शाळेचा मास्तर, शाळेला दबीरस्तान, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवाला दबीर-ए-कुल. बायको तेव्हापासून मला घरी अधूनमधून सांगते, मी कोण आहे लक्षात ठेव.

जुना_कारकून:
सगळे 'कुठून'वर अडकलात. ताईंनी शीर्षकात 'विरळ का' विचारलंय, तिकडे कुणी बघतच नाही. मी ३४ वर्षं भूमिअभिलेखात काढली, आडनावं डोळ्यांखालून गेलीत ती पायलीनं मोजावीत इतकी.

हिशेब सोपा आहे. कुलकर्णी लागतो गावागणिक, देशपांड्या परगण्यागणिक, आणि डबीर दरबारागणिक. एका गादीला डबीर एकच. ज्या हुद्द्याच्या जागा हजारो त्याची आडनावं हजारो, ज्याची जागा एक त्याचं घराणं एक. पोतनीस, पारसनीस, हेजीब, डबीर ही म्हणूनच कमी. यादीत कुलकर्णी संपता संपत नाहीत आणि डबीर बोटानं दाखवून संपतात.

आता हुद्द्याचं आडनाव कसं होतं ते याच घराण्यात बघा. सोनोपंत डबीर शहाजीराजांच्या वेळचे, बाळ शिवाजीराजांबरोबर पुण्याला आलेल्या कारभाऱ्यांतले. त्यांचे चिरंजीव त्र्यंबकपंत, तेच ताईंच्या फलकावरचे. त्यांचे रामचंद्रपंत, राज्याभिषेकावेळचे सुमंत. तीन पिढ्या एकाच गादीवर. पहिल्या पिढीत ते काम असतं, दुसरीत मान, तिसरीत ते नावाला चिकटतं. कागदावर सही करताना 'त्र्यंबक सोनदेव' इतकंच, आडनाव लिहायची पद्धत नव्हती. पुढे इंग्रजी शाळेच्या पटावर मास्तरानं रकाना आखला तेव्हा ज्यानं त्यानं जे सुचलं ते लिहिलं. कुणी गाव लिहिलं, कुणी हुद्दा. नाना फडणीसांचं घराणं खरं तर भानू. आज फडणीस लिहिणाऱ्यांचं भानूंशी काही नातं असेलच असं नाही, एवढंच की कुणाच्या तरी पणजोबानं फर्द, म्हणजे यादीचा कागद, लिहिली होती.

त्यामुळे सगळे डबीर एका कुळाचे हेही धरू नका. निजामाकडे वेगळे, विजापुराकडे वेगळे. देशपांडे-कुलकर्णींची वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, डबिरी तर त्याच्याही कितीतरी आधी. नाव मात्र गॅसच्या बिलावर येतंय.

दौतटाक:
काका, दरबारागणिक डबीर हे वाचून अंगावर काटा आला. आणि हो, मामाकडच्या जुन्या कागदांत 'कुलकर्णी' असंही एका ठिकाणी आहे. ते कुणी घरात बोलत नाही.

जुना_कारकून:
बोलू नकाच. राहू द्या डबीर.

स्वभाषा:
विषयांतर पुरे. राज्यव्यवहारकोश महाराजांनी कशासाठी करवून घेतला? पेशवा काढून मुख्य प्रधान, मुजुमदार काढून अमात्य, सुरनीस काढून सचिव, वाकनीस काढून मंत्री, डबीर काढून सुमंत. ज्यांच्या आग्ऱ्याचा फलक लावताय त्यांचीच इच्छा डावलताय. हे आडनाव लावणाऱ्यांनीही खरं तर 'सुमंत' व्हायला हवं होतं.

तरीपण:
शनिवारवाडा कुणाचा हो?

स्वभाषा:
पेशव्यांचा.

तरीपण:
😀

स्वभाषा:
हा पोरकटपणा आहे.

खडकलेख:
पोरकट असेल, पण मुद्दा आहे. बाजीरावांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' कोरलेलं आणि सगळ्यांच्या तोंडी 'पेशवे'. कोश सरकारी कागदाला लागतो, हाक मारायला लागत नाही. सुमंत, अमात्य, सचिव ही नावं टिकली ती छत्रपतींच्या गाद्यांभोवतीच्या 'पंत' घराण्यांत, भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य. बाकी महाराष्ट्रात चिटणीस-फडणीसच चालले. तरी स्वभाषांच्या बाजूनं एक सांगतो: 'सचिव' शेवटी जिंकला. मंत्रालयाला आधी सचिवालयच म्हणायचे, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावरही खाली 'सचिव' अशीच सही असते. 'सुमंत' मात्र फक्त आडनावात उरला. डबीर हरला आणि सुमंतही हरला, असं म्हणा.

भागानगरी:
बंगालचं कुणी सांगितलं नाही. रूप गोस्वामी, चैतन्य महाप्रभूंचे शिष्य, ते आधी हुसेनशहाच्या दरबारी 'दबीर खास' होते. आणि लखनौचे मर्सिया, म्हणजे शोककाव्यं, लिहिणारे मिर्झा सलामत अली, त्यांचं टोपणनाव 'दबीर'. म्हणजे एक वैष्णव, एक शिया, आणि आमच्या ताईंचे देशस्थ मामा.

एडिसनकर:
आणि एक पैलवान. 'दप्तर'पण यातलंच असेल ना? दबीर दप्तर सांभाळतो, जुळतंय की.

खडकलेख:
जुळतंय म्हणूनच फसाल. दफ्तर हे ग्रीक 'दिफ्थेरा'वरून, म्हणजे कातडं. लिहायचं चामडं. दोन्ही शब्द एकाच टेबलावर भेटले, घराणी वेगळी.

दौतटाक:
हे सगळं फार भारी आहे, मामाला फोन करून दुब-तुप्पु वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे डबीच ना? मातीची." आणि फोन ठेवला.

पण फलक! शनिवार उद्यावर आलाय. 'डबीर', 'सुमंत', की 'डबीर (पुढे सुमंत)'? तपासनीसांना कंस अजिबात चालत नाहीत.

तरीपण:
'तपासनीस'. नीस. त्यांना आधी हे सांगा की ते स्वतः अर्धे फारसी आहेत.

स्वभाषा:
तपासणारे म्हणा.

वाकडीवाट:
उशिरा आलो. वर काकांनी 'हेजीब' म्हटलं तिथेच थांबलो, कारण माझं आडनाव तेच आहे आणि बँकेतली मुलगी दर वेळी विचारते, सर, हे कुठलं? वडील सांगायचे हेजीब म्हणजे वकील, राजाचा दूत. हे बरोबर का?

खडकलेख:
बरोबर. अरबी 'हाजिब'. मूळचा अर्थ द्वारपाल, राजा आणि बाहेरचे लोक यांच्यामध्ये उभा राहणारा. 'आड येणे' या अर्थाचा धातू आहे. हिजाब त्याच धातूचा.

वाकडीवाट:
हे मी बँकेत सांगू?