मदत हवी आहे: टेकडीवर जेसीबी घुसलाय, काम कोण थांबवेल?

रानवारा: आमच्या टेकडीवर जेसीबी चालू आहे. पायथ्याला पत्रे ठोकलेत, रात्री मुरमाचे डंपर उतरतात. गोदामांसाठी रस्ता काढतायत म्हणे. एका ऑफिसात सांगतात जागा वनाची, दुसऱ्यात सांगतात महसूलची. लवकर सांगा, रोज झाडं पडतायत.

मावळा: टेकडी कुठली? पालिका की ग्रामपंचायत? गट नंबर? काहीच सांगितलं नाहीत तर आम्ही काय सांगणार?

सह्यवेडी: माहितीचा अधिकार टाका. सगळे कागद बाहेर येतात, आमच्या भागात आले.

मावळा: उत्तराला ३० दिवस, तोवर टेकडी सपाट. आधी १९२६ वर फोन करा, वनविभागाची हेल्पलाइन आहे. मुरमासाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. परवाना नसेल तर डंपर जप्त करता येतात.

जुना_बाणेरकर: पावसाळ्यात बिया टाका. आम्ही वड, पळस लावलेत, छान जगलेत. गिरिपुष्प मात्र नको, टेकड्यांची वाट लावली त्यानं.

सह्यवेडी: काका, गिरिपुष्पानं निदान सावली तरी दिली.

रानवारा: झाडं कुठली लावायची ते नंतर बोला हो! खेड तालुका, चाकणच्या बाजूला, ग्रामपंचायत हद्द. सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन, इतर हक्कात नुसतं 'वन'. पुण्याच्या ऑफिसात अर्ज दिलाय.

वनराई: ताई, खेड पुणे वनविभागात नाही, जुन्नर वनविभागात येतो. अर्ज जुन्नरच्या उपवनसंरक्षकांना द्या, प्रत चाकणच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. पोच घ्या. आणि 'महसूलची जागा' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकची ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन अशीच महसूलमार्फत दिली गेली होती. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वाटप बेकायदा ठरवलं आणि महसूलच्या ताब्यातल्या अशा जमिनी खासगी लोकांना दिल्यात का, हे तपासायला सगळ्या राज्यांना पथकं नेमायला लावली. अर्जात हे लिहाच.

कायदेपंडित: तिथे राखीव वन होतं, इथे नुसतं 'वन' आहे. वनसंवर्धन कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर अवघड.

वनराई: कशानं अवघड? शासनदप्तरी वन अशी नोंद असली की केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे रस्ता करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टानं वनाची तीच व्याख्या तूर्त चालू ठेवायला सांगितली. नोंद कधीची, ते फेरफारावरून बघा.

सह्यवेडी: हरित लवादाचं (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं) खंडपीठ पुण्यातच आहे, थेट तिथे जा.

मावळा: जायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत. पण पोच घेतलेला अर्ज हातात नसेल तर पहिला प्रश्न तोच येईल.

रानवारा: १९२६ वर तक्रार नोंदवली. फेरफार काढायला तलाठी कार्यालयात निघालेय. कोंढव्याच्या निकालाची प्रत कुणाकडे आहे का? अर्जाला जोडायची आहे.